निळीची उचकी

निळीला उचकी लागली ती धाकटा घर सोडून गेला त्याच आठवड्यात. आता गाडीला कधी उचकी लागते का, असं कोणी विचारील, तर त्याने एकदा निळीच्या शेजारच्या सीटवर बसून चढ चढून बघावा. इंजीन एकदम आवंढा गिळायचं, अख्खी गाडी झटका खायची, हौद्यातले दुधाचे कॅन एकमेकांवर आदळायचे, आणि मग आपण त्या गावचेच नाही अशा थाटात निळी पुढे निघायची. थोडं अंतर गेलं की पुन्हा उचक्. मिस्त्री लोक याला मिसिंग म्हणतात. पण घरात आईने पहिल्याच दिवशी ‘उचकी’ म्हटलं, आणि त्या घरात आईने ठेवलेलं नाव पुसायची कुणाची छाती नव्हती. थोरल्याला ती लहानपणी ढोल्या म्हणाली होती. तो मोठा होऊन बांबूसारखा काटकुळा झाला, तरी ढोल्याच राहिला.

निळी म्हणजे त्यांची जुनी पिकअप. एकेकाळी रंग खरंच निळा होता, आता बॉनेटवर तो धुऊन धुऊन विटलेल्या शर्टासारखा दिसायचा. पेट्रोलवर चालणारी, चार सिलिंडरची, आणि दरवाजा लावताना हमखास एक लाथ मागणारी. पहाटे वस्त्यावस्त्यांवरून दूध गोळा करायचं आणि ऊन चढायच्या आत डोंगरापलीकडच्या केंद्रावर नेऊन ओतायचं, एवढंच तिचं काम. तेवढ्यावरच घर चालायचं. ढोल्या चालवायचा आणि त्याची बायको कॅन चढवायला-उतरवायला सोबत जायची. तिला सगळे वहिनी म्हणत. आधी फक्त धाकटा म्हणायचा, पण इतक्या मोठ्याने आणि इतक्यांदा की वस्तीवरच्या म्हाताऱ्यांनाही तीच सवय लागली.

ते कॅन उचलायचं काम पूर्वी धाकट्याचं होतं. गाडीची डागडुजीही त्याचीच. सीटवर डोळे मिटून बसायचा आणि मधेच म्हणायचा, “दादा, तिसऱ्या सिलिंडरचा आवाज बसलाय बघ.” ढोल्याच्या कपाळावर आठी चढायची. स्टिअरिंग आपल्या हातात आणि शहाणपण शेजारच्या सीटवर! एके सकाळी केंद्रावर दूधवाल्यांची रांग लागली होती, तेव्हा धाकटा हसत हसत बोलून गेला, “आमचा दादा गाडी हाकतो झकास. तिचं ऐकत मात्र नाही.” लोक हसले. ढोल्याने हातातला कॅन खाली ठेवला आणि सगळ्यांदेखत भावाच्या कानाखाली वाजवली.

धाकट्याने गाल चोळलासुद्धा नाही. घरी आला, पिशवी भरली, आईचे हात क्षणभर आपल्या हातात धरले आणि गेला. आता तो शहरात कुठल्याशा गोदामात ओझी उचलत होता. आईला फोन करायचा, भावाला नाही.

तो गेला त्या दुपारी ढोल्या बॉनेट उघडून निळीवर तुटून पडला. आरशाला बांधलेली दोरी, सीटवरची उशी, पेडलवर ठोकलेला टायरचा तुकडा, इंजिनात इथेतिथे बांधलेल्या चिंध्या आणि नाड्या, धाकट्याचं जे जे होतं ते त्याने उपटून अंगणात भिरकावलं. “गाडी आहे की गोधडी?” म्हणाला. “आणि आजपासून त्याचं नाव या घरात काढायचं नाही.” आईने तोंड फिरवलं. वहिनीने अंगण झाडलं. त्यातलं जे कामाचं वाटलं ते ठेवलं, बाकीचं चुलीत घातलं.

आणि मग ही उचकी.

“कोणीतरी आठवण काढतंय तिची,” आई म्हणाली. निळी पहाटे अंगणात सुरू झाली आणि थरथरत उचक्या देऊ लागली की आई दारात येऊन बॉनेटवर हात ठेवायची. “तुझा जुना मालक का गं? नाही? मग तो वळणावरचा टायरवाला असेल. तो का गं?” नाव बरोबर लागलं की उचकी थांबते, असं तिचं साधं गणित. ती सगळ्या नात्यागोत्याची नावं घ्यायची, मेलेल्यांचीही. फक्त एक नाव घ्यायची नाही. ते ओठाशी आलं की ती ढोल्याकडे बघायची आणि आत निघून जायची.

“आई, गाडी आहे ती. माणूस नाही,” ढोल्या म्हणायचा.

“मग तू तिला शिव्या का देतोस?”

तो गिअर टाकून निघायचा.

पण खरी गंमत अशी, की त्या एका शब्दाने ढोल्यालाही चकवलं. उचकी म्हटली की माणूस घशाकडेच बघतो. ढोल्यानेही तेच केलं. पेट्रोलची नळी तोंडाने फुंकून साफ केली आणि दिवसभर पेट्रोलचे ढेकर दिले. टाकी उतरवून धुतली, फिल्टर बदलला. कार्बोरेटर खोलून त्याची बारीक बारीक भोकं पिसाने पुसली, वहिनीने खास कोंबडीचं पीस दिलं होतं. निळी खाली एकदम गुणी वाटायची. चढाला लागली, धुकं काचेवर आलं, की उचक्!

तो चढ म्हणजे वहिनीला अर्धं स्वप्नच होतं. पहाटे उठून धारा काढलेल्या, हात दुधाच्या वासाचे, डोळ्यांत झोप. धुक्यात झाडं यायची आणि विरघळायची. रस्ता दिसायचा नाही, नुसता सीटखालून जाणवायचा. तिला वाटायचं, आपण गाडीत नाहीच, कुठल्यातरी पांढऱ्या पाण्यात होडीत बसलोय आणि कोणीतरी वल्हवतंय. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. मधेच वल्हवणारा एक हात चुकवायचा. एक, दोन, नाही, चार. होडी डुचमळायची, आणि ती दचकून जागी व्हायची तर शेजारी ढोल्या दात आवळून गिअर टाकत असायचा.

एकदा त्या गुंगीत तिला धाकटा दिसला. धुक्यातून गाडीच्या बरोबरीने चालत होता, पण अडखळत होता, कारण एका पायातला बूट सैल होऊन फटक फटक वाजत होता. “वहिनी,” तो म्हणाला, “जरा थांबायला सांगा ना त्याला.” तिने सांगायला तोंड उघडलं आणि जाग आली. तिने ढोल्याला स्वप्नातलं काही सांगितलं नाही. नाव काढायचं नव्हतं ना.

मिस्त्रीकडे तर किती चकरा झाल्या. पत्र्याच्या छपराखाली त्याचं दुकान, आणि दुपारच्या कोरड्या उन्हात निळी तिथे अशी चालायची की ऐकत राहावं. मिस्त्री ॲक्सिलरेटर ओढायचा, सोडायचा, मान हलवायचा. “काही काही सासवा असतात बघ, घरी अंथरूण धरतात आणि डॉक्टर दारात दिसला की उठून वेणी घालतात. तशी आहे ही.” मग वहिनीसोबत आलेली आई दिसल्यावर तो घाईने म्हणाला, “मावशी, तुम्हाला नाही हं म्हणत.”

“मला नाहीच लागणार ते,” आई म्हणाली. “मी अजून अंथरूण धरलेलं नाही.”

मिस्त्रीने प्लग बदलले. प्लगच्या टोप्या काढताना त्याने त्यांच्या वायरी हातात धरल्या आणि हसला. “या लांब आहेत रे. वाढत्या अंगाच्या घेतल्यास का?”

“दुसऱ्या गाडीच्या आहेत. पण नव्या आहेत,” ढोल्या म्हणाला.

“कोणी घातल्या?”

“घातल्या कोणीतरी.”

मिस्त्रीने वहिनीकडे बघितलं, वहिनीने जमिनीकडे. नव्या वायरींवर कोण संशय घेणार? त्याने त्या होत्या तशाच परत लावल्या आणि म्हणाला, “आता नाही देणार उचकी.” दुसऱ्या दिवशी चढाच्या निम्म्यावर निळीने अशी उचकी दिली की एका कॅनचं झाकण उडालं आणि दूध हौद्यातून रस्त्यावर सांडत गेलं.

त्या दिवशी गाडी चढावर तीनदा बंद पडली. केंद्रावर पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं. मापाड्याने कॅन उघडून नाक आत घातलं. माणूस वाईट नव्हता, पण त्याचं नाक भीडभाड ठेवायचं नाही.

“ढोल्या, हे दूध नाही. हे दही व्हायला निघालंय.”

“एकदा बघ ना नीट.”

“नीटच बघितलं. ओत तिकडे.”

तिकडे म्हणजे गटारात. ढोल्याने एकेक कॅन उचलून ओतला. ज्या जागी त्याने भावाला मारलं होतं तिथेच तो वाकून उभा होता, आणि तेच दूधवाले आता बघत होते. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं, असं वहिनीला वाटलं.

“पहिल्या तारखेपासून ही फेरी नव्या गाडीला देतोय,” मापाडी हळूच म्हणाला. “वरून तसा हुकूम आलाय, बाबा. मनावर घेऊ नकोस. तोवर वेळेत आणलंस तर मी बोलून बघतो.”

परतताना उतारावर निळी शहाण्या मुलीसारखी चालली. ढोल्याने आरशात मागचे रिकामे कॅन बघितले. मग समोर बघतच म्हणाला, “भंगारवाल्याला निरोप दिलाय. परवा सकाळी येतो म्हणाला.”

“आणि मग?”

“मग काय. वरच्या खाणीवर माणसं घेतायत. तिथेच राहायचं, तिथेच जेवायचं. सहा महिन्यांनी सुट्टी.”

वहिनीने मनात हिशोब केला. एक शहरात गेला, दुसरा खाणीत जाणार. घरात मग कोण? सासू, सून आणि कोंबड्या. रात्री जेवायला बसल्यावर बोलायचं कोणाशी, भांडायचं कोणाशी? तिला खूप काही बोलायचं होतं, पण तोंडातून निघालं भलतंच. “खाणीत पाठ जाईल तुमची.”

“गेली तर गेली,” ढोल्या म्हणाला.

ती परवाची पहाट अशी धुक्याची होती की छपराखालून अंगण दिसत नव्हतं. भंगारवाला उजाडल्यावर येणार, तोवर एक शेवटची फेरी मारू म्हणून ढोल्या लवकरच उठला होता. निळी सुरू झाली, दोनदा खोकली आणि जागच्या जागीच उचक्या द्यायला लागली. ओल हवेतच होती. पत्र्यावर, बॉनेटवर, वहिनीच्या केसांवर थेंब चमकत होते. ढोल्याने बॉनेट उघडलं आणि नुसता बघत उभा राहिला, हातात पानासुद्धा नव्हता. वहिनी टॉर्च धरून बाजूला.

आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

“आता काय, आई?”

“निघालेल्या माणसाला पाणी विचारतात. हिला कोणी विचारलं?” आई तांब्या सावरत बॉनेटपाशी आली. “इतके दिवस उचकी लागलीय बिचारीला. नळ्या फुंकल्यात, टाक्या धुतल्यात, पिसं घातलीत. घोटभर पाणी पाजलं कोणी?”

“आई, मागे हो. पाणी रेडिएटरला लागतं आणि तो भरलेला आहे.”

“तोंड कुठं आहे हिचं?”

“तिला तोंड नाही!”

“नाही कसं? तोंडाशिवाय उचकी लागते होय?” म्हणत आईने अंदाजानेच तांब्या उपडा केला. पाणी इंजिनावर भसकन पडलं, वाफ उठली, ढोल्या “अगं अगं अगं” करत पुढे झेपावला, त्याचा धक्का वहिनीला लागला आणि टॉर्च हातून सुटून चाकाखाली जाऊन विझला.

मिट्ट काळोख झाला. आणि त्या काळोखात, इंजिनाच्या मधोमध, निळ्या रंगाचा एक बारीकसा धागा उडी मारून गेला.

टिक्.

परत. टिक्. टिक्. मागच्या बाजूच्या एका वायरीतून निघून शेजारच्या लोखंडी पट्टीवर उडणारी ठिणगी, निळीशार, केसाएवढी. ती उडाली की इंजीन उचकी द्यायचं. ठिणगी, उचकी. ठिणगी, उचकी. तिघंही बघत राहिली. वहिनीला वाटलं, आपण अजून झोपेतच आहोत, आणि इतकं सुंदर काहीतरी या तेलकट गाडीच्या पोटात इतके दिवस कोणी न बघता चाललं होतं.

“करंट गळतोय,” ढोल्या कुजबुजला. “आईशप्पथ. प्लगपर्यंत जातच नाही, वाटेतच गळतोय.”

“म्हणजे घसा नव्हता?” आईने विचारलं.

“घसा नव्हता, आई. घशाचा काही संबंधच नव्हता.”

त्याने इंजीन बंद केलं, टॉर्च शोधून पेटवला आणि वायर बोटांवर घेतली. तिसऱ्या सिलिंडरची. लांब असल्यामुळे सैल पडून ती पट्टीवर टेकली होती, आणि इंजिनाच्या थरथरीने घासून घासून तिच्या रबराला नखाएवढी चीर गेली होती. दुपारच्या कोरड्या हवेत चीर गप्प बसायची. धुकं लागलं आणि चढावर जोर पडला की तिथून करंट उडायचा. ढोल्याने वायर वर उचलून धरली. सोडली की पुन्हा तिथेच येऊन पडली.

“ही आधी नाही पडायची अशी,” तो स्वतःशीच म्हणाला. “आधी इथे काहीतरी...”

आणि थांबला.

वहिनीला तेव्हा सगळं एकदम समजलं. सैल बूट, फटक फटक. ती धुक्यात गेली, चाचपडत खुराड्यापाशी पोचली आणि मोडक्या कडीच्या जागी बांधलेली नाडी सोडली. दार उघडं पडलं, कोंबड्या झोपमोड झाल्यासारख्या कुरकुरत बाहेर आल्या. तिने येऊन नाडी ढोल्यापुढे धरली. बुटाची तपकिरी नाडी, तेलाने काळी पडलेली, एका टोकाला जळलेली.

“ही कुठून आणलीस?”

“तुम्ही फेकलीत तिथून.”

ढोल्याने ती हातात घेतली. तिला दोन ठिकाणी वाकण पडलेलं होतं, एक वायरीच्या जाडीचं आणि एक वरच्या बोल्टच्या. इतके दिवस खुराड्याला बांधूनही ते वाकण गेलं नव्हतं. त्याने चिरेवर चिकटपट्टी गुंडाळली, नाडी वायरीला घातली, बोल्टला ओढून घेतली. वायर पट्टीपासून वर उचलली गेली आणि तिथेच राहिली. गाठ मारताना त्याची बोटं जरा जास्तच वेळ घेत होती. आईने बघून न बघितल्यासारखं केलं आणि कोंबड्यांच्या मागे लागली.

निळी सुरू झाली. एक, दोन, तीन, चार.

“भंगारवाला येईल,” वहिनी चढून बसताना म्हणाली.

“येऊ दे. आई आहे घरी.” आणि भंगारवाल्याची दया आल्यासारखा ढोल्या पहिल्यांदाच थोडा हसला.

त्या दिवशी चढावर वहिनीला झोप आली नाही. झाडं यायची, विरघळायची, पांढऱ्या पाण्यातून होडी सरळ चालली होती आणि वल्हवणाऱ्याचा एकही हात चुकत नव्हता. ढोल्या रेडिओ लावायचा तोही लावला नाही. मान थोडी वाकडी करून तो ऐकत होता. त्याला असं ऐकताना तिने कधी बघितलं नव्हतं. भाऊ अगदी असाच बसायचा.

माथ्यावर आल्यावर धुकं खाली राहिलं. पलीकडे केंद्राचे दिवे दिसत होते, रांगेत अजून एकही गाडी नव्हती. सूर्यही यायचा होता. ढोल्याने गाडी बाजूला घेतली, इंजीन चालूच ठेवलं आणि फोन काढला.

“त्याचा नंबर आहे तुझ्याकडे?”

“तुमच्याच फोनमध्ये आहे. पुसला कुठं होतात?”

“तू बघितलंस?”

“बघितलं.”

तो खाली उतरला, बॉनेट उघडून उभा राहिला आणि फोन लावला. पलीकडून कोणी उचलला असावा, कारण ढोल्या एकदम ताठ उभा राहिला. वहिनी सीटवरून पुढे वाकली. बोला की हो, तिने मनात म्हटलं, एक नाव तर घ्यायचंय.

“धाकल्या,” ढोल्या म्हणाला.

मग त्याने फोन इंजिनाजवळ धरला. निळी चालत होती, सावकाश, घड्याळासारखी. बराच वेळ त्याने तो तसाच धरला, हात अवघडेपर्यंत. मग स्पीकर लावून तोंडाशी आणला.

“आई सांगत होती, सगळं उपटलंस. नाडी बांधलीस परत,” धाकट्याचा आवाज आला. झोपेतून उठलेला, घोगरा. “तिसरीची. ऐकू आली तुला शेवटी?”

“ऐकू नाही आली रे,” ढोल्या म्हणाला. “ठिणगी दिसली. तीसुद्धा आईने पाणी ओतलं म्हणून.” त्याने बॉनेटची कड धरली. “मला ऐकू येत नाही, धाकल्या. सगळ्यांसमोर म्हणाला होतास, ते खरंच आहे. मी सगळ्यांसमोर मारलं, ते चुकलं.”

 गोदामात कुठेतरी शटर वर गेलं.

“ठिणगीचं टायमिंग जरा पुढं आहे तिचं,” धाकटा अखेर म्हणाला. “मिस्त्रीने हात लावला असणार.”

“मग येऊन कर की मागं.”

“कधी येऊ?”

ढोल्याने बाहीने नाक पुसलं, बॉनेट हलक्या हाताने खाली घेतलं.

“पुन्हा उचकी लागायच्या आत ये,” तो म्हणाला.